पेट्रोलने इंजिन धुणं स्वस्त पडत नाही

गॅरेज टाकायचं ठरलं की आपण वही काढतो आणि खर्च लिहायला बसतो. पान्यांचा सेट, कंप्रेसर, जॅक, दुकानाचं डिपॉझिट, बोर्ड. पण खोललेले पार्ट कशाने धुणार, याची ओळ त्या वहीत क्वचितच असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल काढायचं, परातीत ओतायचं, ब्रश मारायचा. त्यात काय?"

त्यात बरंच काही आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पार्ट धुवायला पेट्रोल वापरायचंच नाही. थोडंसुद्धा नाही.

खुलताबादचंच उदाहरण घ्या. इथे गॅरेज टाकलं तर इंजिनाचं काम येणारच. खालून दौलताबादचा घाट, वर म्हैसमाळची चढण, शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी आणि वेरूळची रोजची ये-जा. मोटारसायकल असो, रिक्षा असो की काळी-पिवळी, गाड्या भरून चढतात. कधी ना कधी इंजिन धूर मारतं आणि खोलावं लागतं. खोललं की पहिलं मोठं काम धुलाईचं.

आता गणित बघा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, डिझेल त्यापेक्षा स्वस्त. पण खरा फरक दुसऱ्या दिवशी दिसतो. परातीतलं पेट्रोल उडून जातं, उरतो तो काळा चिखल. डिझेल मात्र झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवलं की घाण तळाला बसते. वरचं डिझेल कापडातून गाळून पुन्हा वापरता येतं. म्हणजे "फुकटचं" पेट्रोल प्रत्येक वेळी नवीन लागतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या टाकीतलं असतं. गिऱ्हाईक बोलत नाही, पण काटा खाली गेलेला त्याला दिसतो.

आगीचं वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगतो. द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा उणे 40 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा ते तयारच असतं. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत कंप्रेसरच्या स्विचपर्यंत जाते. डिझेल आणि रॉकेलचा फ्लॅश पॉइंट मानकाप्रमाणे किमान 35 अंश. इथे आपले लोक फसतात. "डिझेल पेटत नाही" हे थंडीत बऱ्यापैकी खरं. मे महिन्यात बाहेर 40 अंश आणि वर पत्र्याचं शेड असेल तर डिझेललाही पेट्रोलसारखाच मान द्यायचा. धुण्याची जागा शेडच्या बाहेर, सावलीत, वेल्डिंगपासून लांब. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनलाही हाच नियम. आणि रेशनचं निळं रॉकेल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ते स्वयंपाक आणि दिव्यासाठी आहे, धंद्यात वापरणं 1993 च्या आदेशाने गुन्हा आहे.

मग काय वापरायचं? मी शिकवताना एकच क्रम सांगतो. आधी कोरडं खरवडणं: लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घेऊन जाड चिकटा काढा. निम्मी घाण इथेच जाते आणि ही पायरी फुकट आहे, तरी सगळे हीच गाळतात. मग डिझेल आणि ब्रश. मग पाण्यात मिसळायचं डिग्रीझर किंवा गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, कारण डिझेल मागे तेलकट थर ठेवतं आणि त्या थरावर गॅस्केट नीट बसत नाही. शेवटी हवा मारून सुकवायचं आणि लोखंडी भागांवर लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत गंज धरतो. बेअरिंगवर हवा मारताना ते हाताने धरून ठेवा, गरगर फिरवू नका. पोरं मजा म्हणून फिरवतात आणि बेअरिंग खराब होतं.

गरम पाण्यावर थोडं थांबतो, कारण गॅरेजची अब्रू इथे जाते. लेथवाल्याकडून बोअर आणि होनिंग करून आलेला सिलिंडर चकचकीत दिसतो. पण होनिंगच्या बारीक रेघांमध्ये दगडाची पूड बसलेली असते. पेट्रोलने किंवा डिझेलने तेल निघतं, पूड तिथेच राहते. ती काढायला साबणाचं गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रशच लागतो. नंतर पांढऱ्या कापडाला इंजिन ऑइल लावून आतून पुसा. कापड करडं झालं तर पुन्हा धुवा. पांढरं निघेपर्यंत. हे केलं नाही तर ती पूड नव्या रिंगा खाते, आणि महिन्या-दोन महिन्यांत तीच गाडी धूर मारत तुमच्या दारात उभी राहते. तेव्हा "पिस्टन किट डुप्लिकेट निघालं" असं सांगणारे बरेच आहेत. किट बिचारं चांगलं होतं.

कॉस्टिक सोड्याबद्दल. ट्रॅक्टरचा बिडाचा ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत सुंदर निघतो. पण त्याच टाकीत मोटारसायकलचं केसिंग किंवा पिस्टन टाकलात तर तो ॲल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन सोडतो, जो पेटतो. सुरुवातीला दुचाकी करणार असाल तर कॉस्टिक दुकानात आणूच नका. डिग्रीझर घेतानाही कॅनवर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलंय का ते वाचा. थिनर आणि कार्ब्युरेटरचा स्प्रे रबराला लागू देऊ नका. ओ-रिंग, ऑइल सील, डायफ्राम फुगतात.

आता हातांचं. धुलाईला आपण सगळ्यात नवा माणूस बसवतो. (तो अठरा वर्षांचा आहे ना, हे आधी बघा.) पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, आणि त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. कॅलिफोर्नियात 1999-2000 मध्ये काही मेकॅनिकांचे हातपाय बधिर व्हायला लागले. कारण निघालं ब्रेक साफ करायच्या स्प्रेतलं हेक्झेन. नायट्राइलचे मोजे आणि मोकळी हवा हा तुमच्या वहीतला खर्चच आहे, तो लिहा.

वापरून संपलेलं डिझेल नालीत ओतू नका. आपल्याकडे काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी फिरतं, ते कुणाच्या विहिरीत निघेल सांगता येत नाही. जुनं इंजिन ऑइल एका ड्रममध्ये, धुलाईचं डिझेल दुसऱ्यात. ऑइल हा 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं आणि पावती ठेवायची. दोन्ही एकत्र केलंत तर तोही घ्यायला कुरकुर करतो.

हा सगळा खर्च वसूल कुठून करायचा, हा प्रश्न येणारच. बिलात "इंजिन काम" असा एकच आकडा लिहू नका. "पार्ट धुलाई" अशी वेगळी ओळ टाका. खोलल्यावर एक फोटो, धुतल्यावर एक फोटो, दोन्ही गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करा. घासाघीस होईलच, पण ती धुलाईच्या ओळीवर होऊ देऊ नका. तिथे पैसे कमी केलेत की पुढच्या इंजिनाला तुमचाच हात परत पेट्रोलच्या परातीकडे जाईल.