बाहेरची गाठ आणि आपल्या जिनिंगचा मजूर

कापसाच्या आयातीचा विषय निघाला की आपण शेतकऱ्याच्या भावावर बोलतो. बोललंच पाहिजे. पण आदिलाबादच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या मजुराचं काय, हे कोणी विचारतच नाही.

2021 च्या अर्थसंकल्पात केंद्राने कापसावर आयात शुल्क लावलं, सगळं धरून 11 टक्के. 19 ऑगस्ट 2025 पासून ते माफ केलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं होतं.

आमच्या अभ्यासात शिकवतात की व्यापार खुला झाला की जिथे हातांचं काम जास्त, तिथे मजुरांची मागणी वाढते. खोटं नाही. स्वस्त रुई मिळाली तर तिरुपूरच्या शिलाई कारखान्याला आधार मिळतो. पण ते काम तिरुपूरला. आदिलाबादला काय?

हिशोब साधा आहे. 170 किलोच्या एका गाठीला साधारण 5 क्विंटल कापूस लागतो. तो वेचणं, काट्यावर नेणं, हमाली, जिनिंग, प्रेसिंग, सगळी मजुरी इथली. सरकी निघते, तिच्यावर तेलघाणी आणि ढेपेचा धंदा चालतो. बाहेरून येते ती बांधलेली गाठ. तिच्यातली ही सगळी मजुरी परदेशातच वाटून झालेली असते.

कोणी म्हणेल, भाव पडला तर कापूस महामंडळ हमीभावाने घेतं (2025-26 ला लांब धाग्याचा 8110 रुपये), आणि तो कापूसही इथेच पिंजला जातो. बरोबर. पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की तो कापूस खाजगी व्यापाऱ्याकडेच जातो, पडेल त्या भावाने. आणि हमीभाव शेतकऱ्याला आहे, हंगामी मजुराला कसलीच हमी नाही.

म्हणून प्रश्न दार उघडं की बंद एवढाच नाही. पुढचं काम कुठे उभं राहतं, हा आहे. पीएम मित्र योजनेतलं तेलंगणाचं वस्त्रोद्योग पार्क वरंगलला, महाराष्ट्राचं अमरावतीला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पऱ्हाटी, पण दोन्ही पार्कं लांब. आपली गाठ ट्रकमध्ये जाते, मागोमाग आपली पोरंही जातात.

मागणी सरळ ठेवू. आदिलाबादला सूतगिरणी पाहिजे, आणि शुल्क माफ करण्याआधी जिनिंग मजुरांच्या कामाचाही विचार झाला पाहिजे. या मजुरांत मराठी आहेत, तेलुगू आहेत, गोंडही आहेत. मागणी सगळ्यांनी मिळून करू.