उभं राहायची घाई

अंबाजोगाईतल्या एका वस्तीत आमची बैठक होती. विषय रेशनकार्डाचा, पण तो बाजूलाच राहिला. एक बाई उशिरा आली आणि आल्या आल्या म्हणाली, "ताई, दिवसातून चारदा संडास धुतेय मी. पोरगं साडेतीन वर्षांचं. उभं राहून करतंय अन् भांडं सोडून सगळीकडं जातंय." बाया हसल्या, मग एकेकीचं सुरू झालं.

त्याला उभं राहायला शिकवलं कुणी? आजोबांनी. पोरगं बसूनच करायचं, तर "पोरीवाणी काय बसतो रे?" म्हणून उठवलं. गंमत बघा, हे आजोबा धोतर नेसतात आणि स्वतः उकिडवे बसूनच लघवी करतात! खेड्यापाड्यांतले म्हातारे तसेच करत आले. मुसलमान घरांतही बसण्याचीच रीत आहे. उभं राहणं पँटीबरोबर आलं, मर्दानगीशी त्याचा काय संबंध?

मैत्रिणींनो, माझं म्हणणं सरळ आहे. मुलाला आधी बसायलाच शिकवावं, शू आणि शी दोन्ही. साधारण दीड ते तीन वर्षांत मूल तयार होतं. दोनेक तास कोरडं राहतं, चड्डी ओढून सांगतं. आधी झाल्यावर सांगेल, मग होताना, मग होण्याआधी. तेवढा धीर हवा. संडासाच्या भांड्यावर त्याचे पाय पुरत नाहीत, पडायची भीती वाटते, म्हणून ते कडेलाच उरकतं. मोरीत दोन विटा मांडा, नाहीतर आपल्या आज्या पाय पसरून पायांवर बसवायच्या तसं बसवा. थोडं पुढं वाकायला आणि धार खाली वळवायला सांगा. उंची आणि नेम आला की उभं राहणं त्याचं तो शिकेल. चुकलं म्हणून मारू नका. धाकानं मूल शी दाबून धरतं, खडा होतो, आणि मग दुखतं म्हणून आणखीच दाबतं.

सांडलंच तर फडकं त्याच्या हातात द्या. शिक्षा म्हणून नाही, काम म्हणून. त्या घरात फडकं होतं सहा वर्षांच्या बहिणीच्या हातात. एम.एस.डब्ल्यू.ला मी बालविकास शिकले, पण फडकं कुणी धरायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्याच बहिणीला बाजारात लघवी लागली तर "दाबून धर, घरी जाऊन कर" असं सांगतात, आणि भाऊ मात्र भिंतीला उभा. हे दाबून धरणं पुढं तिला जन्मभर पुरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं 2019 मध्ये आपल्या जिल्ह्यात गाजली, तेव्हा फडावर संडास नाही, आडोसा नाही, हेही बाया सांगत होत्या.

आणि पाणी? 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्याकडं चारदा संडास धुणं म्हणजे चार बादल्या, आणि बादली भरते बाईच.

पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलवायचं ठरलंय. रेशनकार्डाचा विषय तेव्हाच घेऊ. सासऱ्यांना कोण सांगणार, असा प्रश्न निघाला तेव्हा ती बाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मीच सांगते. मामा, तुम्ही बसता तसंच नातवाला बसवा, एवढंच म्हणते."