उपऱ्यांचे गाव

दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले, चकलीचा पहिला तुकडा मोडला, की आमच्या घरी एक वाद हटकून निघतो. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात, "तुमच्या पिंपरी-चिंचवडला आहे काय? कारखाने आणि भोंगे! इतिहास म्हणाल तर नाव नको." हा आरोप मी आताशा मनावर घेत नाही. बोपोडी ओलांडली की जग संपते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्याशी फराळाच्या वेळी भांडू नये. पण गेल्या वर्षी त्या वादाने निराळेच वळण घेतले. भोसरीकडचे आमचे एक स्नेही उसळून म्हणाले, "इतिहास होता, साहेब! पण या बाहेरून आलेल्या उपऱ्यांनी गाव बुडवले." शेजारी आमचे खानदेशी शेजारी बसले होते. पस्तीस वर्षे इथल्या एका कारखान्यात लेथवर उभे राहून त्यांनी तीन मुलांची शिक्षणे केली. त्यांनी हातातली करंजी तशीच ताटलीत ठेवली आणि "येतो" म्हणून ते उठले. ती न खाल्लेली करंजी मला वर्षभर बोचत राहिली आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. हे गाव पहिल्यापासून उपऱ्यांचेच आहे. बाहेरून आलेल्यांना वगळून पिंपरी-चिंचवडचा इतिहास लिहायला बसाल, तर पवनेचे पाणी आणि काठची चिंचेची झाडे एवढेच हाती उरेल.

ज्यांच्या नावाने चिंचवड ओळखले जाते ते मोरया गोसावी कुठले? परंपरा सांगते की त्यांचे आईवडील कर्नाटकातून मोरगावला आले आणि स्वतः मोरया मोरगाव सोडून चिंचवडला. म्हणजे गावचा आद्य पुरुषच दोन पिढ्यांचा उपरा! त्यांच्या वंशात पुढे 'देव' झाले. लोक त्यांना गणपतीचा चालता-बोलता अवतार मानीत. 1809 साली मरिया ग्रॅहॅम नावाची इंग्रज बाई त्या देवांना पाहायला चिंचवडला आली होती. तिने लिहून ठेवले आहे की देव इतर मुलांसारखेच दिसतात. फरक एवढाच की त्यांच्या डोळ्यांत एक विलक्षण झाक आहे आणि ती म्हणे अफूमुळे! आपल्याकडे हे पान घाईघाईने उलटतात. मी म्हणतो, का उलटता? बाईला भक्ती कळली नसेल. पण भक्तांच्या गर्दीत देवपणाचे ओझे वाहणारा एक थकलेला मुलगा तिला दिसला असेल, हेही शक्य आहे. इतिहासात सोवळे नेसलेलीच माणसे हवीत, हा हट्ट कशाला?

चापेकरांचेही तेच. 22 जून 1897 ची रात्र आम्ही भाषणांतून ऐकतो, चौकाला नाव देतो, हार घालतो. दामोदर 1898 साली फासावर गेले, वासुदेव आणि बाळकृष्ण 1899 साली. तीन सख्खे भाऊ! पण त्या घराचे रोजचे जिणे कोण सांगतो? मूळचे कोकणातले हे कुटुंब. एके काळचे खाते-पिते घर पुढे विसकटले. वडील हरिपंत कीर्तन करू लागले, तेव्हा प्रतिष्ठेला बाध येतो म्हणून घरच्यांनीच नाके मुरडली. साथीदारांना द्यायला पैसा नाही, म्हणून हरिपंतांनी आपल्या पोरांनाच साथीला उभे केले. गावोगाव, देवळादेवळांतून बापामागे साथ करीत हिंडणारी ती पोरे डोळ्यांसमोर आणा. मला तरी पुतळ्यापेक्षा ती पोरे जवळची वाटतात.

पुढे 1947 ची फाळणी झाली. सिंधमधले घरदार सोडून आलेली माणसे पिंपरीच्या कॅम्पात उतरली. निर्वासित हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जाई. त्याच माणसांनी कापडाची, भांड्यांची दुकाने थाटली आणि आज ज्यांच्या घरी लग्न निघते ते 'पिंपरीच्या बाजारात स्वस्त पडते' म्हणून तिकडेच धावतात. बस्ता बांधताना मात्र उपरा कोण हे कुणी विचारीत नाही!

1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. परदेशातून येणारे पेनिसिलिन पवनेकाठी तयार होऊ लागले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को. टेल्कोच्या उजाड माळावर सुमंत मुळगावकरांनी यंत्रांबरोबर झाडेही लावली, तळे केले. आणि या सगळ्यांमागून आली माणसे. खानदेशी, मराठवाडी, कोकणी, कानडी, मल्याळी. एका खोलीत सहा जण. रातपाळीचा उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीचा आडवा! त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांवर कुणी दोन ओळी लिहिल्या आहेत? एक बाई मला आठवतात. त्यांच्याकडे वही नव्हती. कुणाचे किती जेवण बाकी आहे हे भिंतीवर कोळशाच्या रेघांनी लिहिलेले असे आणि दिवाळीत पांढरा चुना दिला की जुनी बाकी भिंतीबरोबर पुसली जाई. "सणाला कुणाच्या नावावर काळे नको" असे त्या म्हणत. महापालिका स्वतःला आशियातली श्रीमंत म्हणवून घेते. त्या श्रीमंतीच्या हिशेबात ही भिंत कुठे धरली आहे?

आता माझ्या भोसरीकर स्नेह्यांची बाजूही सांगतो, नाहीतर मी खोटा ठरेन. ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले ती ज्वारी-बाजरीची शिवारे होती. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण झाले आणि पुष्कळ शिवारे त्यात गेली. घेतलेल्या जमिनीचा साडेबारा टक्के भाग परत मिळावा, म्हणून माणसे दशकानुदशके खेटे घालीत राहिली. काहींच्या हयातीत निकाल लागला नाही. 2021 साली ते प्राधिकरणच विलीन झाले. शेतकऱ्याच्या मुलाला राग येणार नाही तर काय होईल? पण राग कुणावर काढायचा? कागद अडवून धरणाऱ्यावर, की लेथवर उभे राहणाऱ्यावर? पहिला सापडत नाही आणि दुसरा शेजारीच राहतो, एवढ्यासाठी दुसऱ्याला धरणे हा न्याय नव्हे.

आणि आमचे खानदेशी शेजारी? तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ज्या चाकणला 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी एवढ्याशा भुईकोटात शायिस्तेखानाच्या फौजेला दोन महिने झुंजवले, जिथे कांद्याचा बाजार नावाजलेला, तिथे आता मोटारींचे कारखाने आहेत. बिहार-ओडिशाची पोरे कंत्राटावर येतात, एका खोलीत सहा-सहा जण राहतात. त्यांच्याविषयी आमचे हे शेजारी परवा जिन्यात काय म्हणाले? "या उपऱ्यांनी गाव बिघडवले!" मी त्यांच्याकडे नुसता पाहत राहिलो. त्यांनाही काही आठवले असावे. कारण पुढचे वाक्य त्यांनी गिळले.

यंदाही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही फराळाचे बोलावणे केले आहे. भोसरीकरांचा होकार आला. शेजारी "बघतो" म्हणाले आहेत. कोपऱ्यावरच्या गॅरेजात नव्याने कामाला लागलेल्या, गावाकडे जायला तिकीट न मिळालेल्या दोन बिहारी पोरांनाही मी सांगून ठेवले आहे. हे मात्र अजून घरात कुणाला बोललो नाही.