जेम्स ॲलन : काय घ्यावे, काय टाकावे



मन बदला म्हणजे नशीब बदलेल, असे सांगणारी पुस्तके फुटपाथवर ढिगाने दिसतात. आपली शिकणारी मुलेही ती आवडीने वाचतात. अशा पुस्तकांच्या आद्य लेखकांपैकी एक म्हणजे इंग्लंडचा जेम्स ॲलन.

१८६४ साली लेस्टर शहरात कामगाराच्या घरी त्याचा जन्म झाला. १८७९ साली धंद्यात मंदी आली. वडील कामाच्या शोधात अमेरिकेला गेले आणि थोड्याच दिवसांत तिकडेच वारले. पंधरा वर्षांच्या जेम्सला शाळा सोडून कारखान्यात जावे लागले. पुढे त्याने कारकुनी केली, पण वाचन सोडले नाही. एडविन अर्नोल्ड यांच्या 'लाइट ऑफ एशिया' या तथागतांच्या जीवनावरील काव्याने तो भारावला. हे अर्नोल्ड पूर्वी पुण्याच्या सरकारी कॉलेजात प्राचार्य होते. १९०३ साली ॲलनचे 'ॲज अ मॅन थिंकेथ' हे छोटेसे पुस्तक निघाले. १९१२ साली तो गेला, पुस्तक मात्र जगभर पोहोचले.

मनाचे महत्त्व धम्मपदही सुरुवातीलाच सांगते. म्हणून ॲलन आपल्याला जवळचा वाटतो. परंतु माणसाची परिस्थिती त्याच्या विचारांतूनच घडते, असे तो म्हणतो तेव्हा सावध व्हावे. गावकुसाबाहेरचे घर हे काय आपल्या आजा-पणजाच्या विचारांचे फळ होते? त्यांना गतजन्मीचे पाप म्हणून हेच ऐकवले गेले. गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बुद्धाचा नव्हे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला आधी मनातली भीती गेली, मग पावले चवदार तळ्याकडे वळली. तरीही पाण्याच्या हक्कासाठी १९३७ पर्यंत कोर्टात लढावे लागले. नुसत्या चांगल्या विचारांनी ते तळे खुले झाले नसते.

म्हणून मुलाच्या हातात ॲलन दिसला तर हिसकावून घेऊ नका. मन ताब्यात ठेवावे, एक ध्येय धरून राबावे, ही त्याची शिकवण घेण्यासारखीच आहे. पण नोकरी न लागलेल्या मुलाला 'तुझे विचारच वाईट' असे कधी म्हणू नका. जागा किती निघाल्या, राखीव किती भरल्या, अर्ज कुठे अडला, हे त्याच्यासोबत बसून तपासा. गरज पडली तर चार जण मिळून साहेबाला जाब विचारा. मन घडवणे आणि हक्कासाठी उभे राहणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

जयभीम!