फुकट आणि मुक्त

व्यापारी माणसाला 'फुकट' या शब्दाचा संशय येतो आणि तो रास्तच आहे. 'एकावर एक फुकट' देणाऱ्याने दुसऱ्या नगाची किंमत पहिल्यात कोठे दडवली आहे, हे पेढीवर वाढलेल्या मुलालाही कळते. म्हणूनच नामांकित विद्यापीठांचे अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य मिळतात असे सांगितले, की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, "मग त्यांचे भागते कसे?"

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या वाटचालीत सापडते. गेल्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटवरून शिक्षण विकण्याची मोठी लाट आली होती. त्या बाजारात आपण कसे उतरावे याचा विचार करण्यासाठी एमआयटीनेही समिती नेमली. समितीने व्यवसाय-सल्लागारांना सोबत घेऊन हिशेब मांडला, तेव्हा या धंद्यात नफ्याची शाश्वती दिसेना. येथपर्यंतची हकीकत कोणत्याही दुकानदाराच्या परिचयाची आहे. परंतु विकण्यात लाभ नसेल तर ते सर्वांना देऊन टाकावे, असा पुढचा प्रस्ताव आला आणि ४ एप्रिल २००१ रोजी संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी 'ओपनकोर्सवेअर' जाहीर केले. सप्टेंबर २००२ मध्ये मोजक्या अभ्यासक्रमांपासून आरंभ झाला. २००७ च्या अखेरीस ती संख्या १,८०० वर गेली. आरंभीचा निधी ह्यूलेट आणि मेलन या दोन धर्मादाय प्रतिष्ठानांनी दिला, पुढील भार संस्थेने आणि देणगीदारांनी उचलला. म्हणजे खर्च झालाच. तो शिकणाऱ्याच्या नावे टाकला गेला नाही, इतकेच. तेथे नावनोंदणी नाही, परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही.

या भांडारात 'विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज' असे एक दालन आहे. गणिताची धास्ती घेतलेल्या प्रौढालाही तेथे बिचकण्याचे कारण नाही. यंत्र कसे चालते याच्या जोडीला ते समाजात कसे रुजले, कोणी स्वीकारले आणि कोणी अडवले, याचा शोध हे शास्त्र घेते.

दुकानातलेच उदाहरण घ्यावे. वस्तूवरील बारकोडची कल्पना नॉर्मन वुडलँड यांना मोर्सच्या तारसंकेतांवरून सुचली. बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासह त्यांना १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. पण आज सर्वत्र दिसणारा बारकोड किराणा दुकानात प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंग गमचे पाकीट. मधली २२ वर्षे कोठे गेली? लेसर उपलब्ध नव्हता, संगणक अवाढव्य होते, हे खरेच. पण कारखानदाराने पुडक्यावर रेषा छापाव्यात तर दुकानात यंत्र हवे, आणि दुकानदाराने महागडे यंत्र घ्यावे तर मालावर रेषा हव्यात, असा तिढा होता. तो सोडविण्यासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी एका टेबलाशी बसले आणि १९७३ मध्ये एकच संकेत मान्य झाला. त्यानंतरही, वस्तूवरची छापील किंमत गेली तर आमची फसवणूक होईल, म्हणून ग्राहक संघटनांनी विरोध केला. रोज शेकडो वेळा 'टीं' आवाज ऐकणाऱ्या माणसाला या कथेत रस वाटणार नाही, असे कोण म्हणेल?

सगळेच फुकट मात्र या जातीचे नव्हे. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०१२ मध्ये 'एडएक्स' हे ना-नफा व्यासपीठ काढले. २०२१ मध्ये ते ८० कोटी डॉलरना 'टूयू' या कंपनीला विकले गेले आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा व्यासपीठांवर बरेचसे विनामूल्य पाहता येते, परंतु मुदत असते आणि प्रमाणपत्राला शुल्क पडते. ही बरणीतली चाखायला दिलेली चिक्की आहे. चाखायला देणे गैर नाही. पण ती चाखण्यापुरती आहे, हे गिऱ्हाईकाला ठाऊक असावे.

आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटीईएल' उपक्रम २००३ पासून शासनाच्या पैशावर उभा राहिला; २०१७ मध्ये 'स्वयम्' आले. शिकण्यास पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तरच शुल्क. इंग्रजीचा अडसर मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात त्यावर चांगली तोड काढली. सुमारे दहा मिनिटांच्या धड्यात पडद्यावरचे इंग्रजी तसेच राहते आणि समजावणारा आवाज मराठीतही मिळतो.

प्रश्न उरतो तो घरातल्या माणसांचा. वडिलांच्या आजारपणामुळे अठराव्या वर्षी कॉलेज सोडून गादीवर बसलेला मुलगा आज पन्नाशीत आहे. विज्ञानाची पदवी घेऊन आलेल्या सुनेचे गुणपत्रक कपाटात आहे. अशांनी रात्री मोबाईलवर व्याख्यान लावले, की "आता या वयात याचा काय उपयोग?" हे वाक्य हमखास येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या एका वाक्याने कितीतरी जण पुन्हा तीस वर्षे गप्प बसतात. मुलाच्या शिकवणीला हजारो रुपये मोजणाऱ्या घराने मोठ्यांच्या अर्ध्या तासावर हिशेब लावावा, हे चमत्कारिक आहे.

नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेक जण अभ्यासक्रम मध्येच सोडतात, हेही खरे. एकट्याने शिकणे कंटाळवाणे होते. दोघांनी मिळून ऐकावे, दीर-भावजय असोत वा बाप-लेक. जुन्या रोजमेळासारखी एक वही ठेवावी. पहिला प्रश्न दुकानातूनच उचलावा : वजनकाटा दरवर्षी तपासून शिक्का का मारून घ्यावा लागतो? क्यूआर कोडचा कोपरा फाटला तरी पैसे कसे जमा होतात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, आणि ते समजायला तीन-चार रात्री लागतील.