वाकळीला ऊब म्हणणे पुरे झाले

मराठी कवितेत गोधडी आली की तिच्या मागोमाग ऊब येते, उबेमागून आई किंवा आजी येते, आणि आजी आली की कविता संपते. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की कवीला गोधडीकडे पाहावे लागत नाही; नुसता शब्द उच्चारला तरी काम भागते. समीक्षकांची तऱ्हा निराळी नाही. एखाद्या कादंबरीची वीण सैल निघाली की तिला ‘गोधडीसारखी रचना’ म्हणायचे आणि पुढल्या परिच्छेदाकडे वळायचे. गोधडीची रचना नेमकी कशी असते, असा प्रश्न त्या समीक्षकाला कुणी विचारत नाही. आम्ही तो विचारू इच्छितो. कारण ज्या वस्तूचे रूपक आपण इतके सढळपणे वापरतो, ती वस्तू आपण वाचलेलीच नाही, असे आमचे मत आहे. आणि हे न वाचणे निरागस नाही, असेही.

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले गाव. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी जाते, दक्षिणेकडे बालाघाटाचे डोंगर. गंगाखेडला अवघा महाराष्ट्र जनाबाईचे गाव म्हणून ओळखतो. या मुलखात गोधडीला वाकळ म्हणतात आणि आम्हीही येथे तोच शब्द वापरू, कारण ‘गोधडी’ या शब्दावर शहरी हळवेपणाची पुटे फार चढली आहेत. वाकळ शिवायची ती उन्हाळ्यात, शेतातली कामे उरकल्यावर. जुने लुगडे जमिनीवर ताणून अंथरायचे, त्यावर धोतराची, सदऱ्याची, परकराची धडुती थरावर थर लावून बसवायची, वरून दुसरे लुगडे किंवा जोडलेल्या तुकड्यांचा पदर घालायचा, कडा आत दुमडायच्या आणि जाड सुईने धावदोरा घालत जायचे. बायका समोरासमोर बसतात. कुणी कडेकडेने चौकटी घालत मध्याकडे सरकते, कुणी सरळ ओळी धरते. नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात, तेव्हा ही वाकळ नदीवर किंवा विहिरीवर जाते, आणि धुतल्यावर तिचे खरे रूप कळते: कोणता थर आत सरकला, कुठे गोळा झाला, कोणाचा टाका टिकला.

या कामाचा हिशेब साहित्याच्या माणसांनी एकदा मांडून पाहावा. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाकळ धरा. दर इंचाला टाक्यांची एक ओळ घातली तर ओळी होतात 48, आणि प्रत्येक ओळ 72 इंचांची. इंचाला दोन टाके धरले तरी बेरीज 6,912 भरते. ओळींमधले अंतर अर्ध्या इंचावर आणले की हीच संख्या दुप्पट. यातला एकेक टाका चार-पाच थरांतून सुई ओढून घातलेला असतो. इतक्या निर्णयांनी बनलेल्या वस्तूला ‘सहज’, ‘उत्स्फूर्त’, ‘भाबडी’ ही विशेषणे लावणाऱ्याने आपल्या शेवटच्या कवितेत किती शब्द जाणीवपूर्वक निवडले होते, हे स्वतःशी मोजावे.

आता आपल्या सौंदर्यशास्त्राकडे वळू. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली, आणि आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी ती परीक्षेत लिहून गुण मिळवले. या तीन तत्त्वांना वाकळीइतके उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. हिरव्या लुगड्याच्या अंगावर लाल खणाचा तुकडा कुठे बसवायचा, तो एकाच कोपऱ्यात आला तर समोरच्या कोपऱ्यात काय द्यायचे, काठाची पट्टी आडवी घ्यायची की उभी, हे प्रश्न शिवणारी बाई सोडवते; ते मर्ढेकरांच्या परिभाषेत मांडत नाही, एवढेच. तरीही वर्गात उदाहरण द्यायचे झाले की आपण चित्रकलेकडे, संगीताकडे, फार तर ताजमहालाकडे जातो. अंगाखालच्या अंथरुणाकडे आपली नजर जात नाही.

‘पण वाकळ उपयोगाची वस्तू आहे, म्हणून ती कला नव्हे, फार तर कारागिरी,’ हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. या उत्तराला मराठीतच प्रत्युत्तर उपलब्ध आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) लिहिताना सौंदर्यविचाराला दोन ध्रुव असल्याचे दाखवून दिले: एक कलेला स्वायत्त मानणारा, दुसरा तिला लौकिक जीवनाशी जोडणारा. यांपैकी एकच ध्रुव धरून बसणाऱ्याला कलेचा पूर्ण व्यवहार आकळत नाही. आम्ही म्हणतो, वाकळ ही या द्विध्रुवात्मकतेची घरोघरी पसरलेली साक्ष आहे. पांघरण्याची सोय काढून टाकली तर तिच्या थरांना अर्थ उरत नाही. रंगांची आणि ओळींची योजना काढून टाकली तर चिंध्यांचा ढीग उरतो. पाटणकर शिकवणारे विभाग या साक्षीला बोलावत नाहीत, कारण ती ग्रंथालयात मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला एक नवी मंडळी आहे. तिला वाकळ कला वाटते. मात्र ती भिंतीवर टांगल्यावर, प्रकाशयोजना केल्यावर आणि तिला ‘आर्ट क्विल्ट’ म्हटल्यावर. शहरांत हौशी गट जमतात, कापड विकत आणून त्याचे तुकडे करतात आणि ते पुन्हा जोडतात. त्यांच्या हौशीला आमचा विरोध नाही. त्यांतल्या काहींचे काम खरोखर चांगले आहे. आमचा आक्षेप त्या नामकरणाने आखलेल्या सीमारेषेला आहे. धड कापड फाडून जोडले तर ती अभिव्यक्ती, आणि फाटलेले कापड जोडले तर ती काटकसर, हा न्याय कुठला? ज्या बाईने साहित्याची निवड करण्याची मुभा नसताना रचना साधली, तिचे काम अधिक अवघड होते. छंदाच्या बंधनात लिहिणाऱ्या कवीची आपण वाखाणणी करतो. मग कपड्याच्या बंधनात शिवणारीची का नाही?

भिंतीवर टांगल्याने न्याय मिळतो, या समजुतीची परीक्षा अमेरिकेत होऊन गेली आहे. अलाबामातील जीज बेंड या वस्तीत गुलामांचे वंशज राहतात. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. समीक्षक भारावले, आधुनिक अमूर्त चित्रांशी तुलना झाली, 2006 साली टपाल तिकिटे निघाली. येथे एक गोष्ट निश्चित चांगली झाली: प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचे नाव होते. पण 2007 साली त्यांतल्याच अ‍ॅनी मे यंग आणि लोरेटा पेटवे यांना संग्राहकांविरुद्ध न्यायालयात जावे लागले. प्रश्न मोबदल्याचा आणि हक्कांचा होता. कौतुक आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा. आपल्याकडे तर आपण अजून नावापर्यंतही पोचलेलो नाही. ‘महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडी’ अशी पाटी लावली की आपले काम संपते; जणू परंपरा नावाच्या कुणा बाईनेच ती शिवली.

गंमत अशी की इंग्रजी विभागांत गोधडी केव्हाच पोचली आहे. सुसान ग्लास्पेलच्या ‘ट्रायफल्स’ (1916) या नाटकात खुनाचा तपास करणारे पुरुष बायकांच्या गोधडीविषयीच्या बोलण्याला हसतात. आणि त्याच बायका एका तुकड्यावरचे विस्कटलेले टाके पाहून शिवणारीच्या मनाची अवस्था ओळखतात. अ‍ॅलिस वॉकरच्या ‘एव्हरीडे यूज’ (1973) या कथेत शिकून आलेली मुलगी आजीच्या गोधड्या भिंतीवर लावायला मागते आणि आई त्या रोज वापरणाऱ्या धाकटीला देऊन टाकते. आमचे विद्यार्थी या दोन्ही कलाकृतींवर उत्तम उत्तरे लिहितात. टाका वाचता येतो, हे त्यांना अमेरिकन नाटकाने पटवलेले असते. घरी जाऊन ते ज्या वाकळीवर निजतात, तिचे टाके वाचावेत असे मात्र त्यांना कुणी सुचवलेले नसते. महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे गीता खंडेलवाल यांचे देखणे पुस्तकही इंग्रजीत, आणि फ्रान्समधल्या प्रकाशनसंस्थेने काढलेले. यात लेखिकेचा दोष नाही. तो आमच्या विद्यापीठीय मराठीचा आहे.

आपण स्त्रियांच्या निर्मितीकडे पाहिलेच नाही, असेही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि तेही गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावांसह. त्या ओव्यांना आज अभ्यासाच्या क्षेत्रात मानाचे स्थान आहे. पण ओवी गाणारी आणि वाकळ शिवणारी बाई एकच होती. तिच्या तोंडून निघालेले आपण साहित्य मानले, हातून निघालेले गृहकृत्य. असे का झाले याचे कारण सरळ आहे: ओवी कागदावर उतरते आणि कागद आमच्या ओळखीचा आहे. ज्या नामदेवांनी शिंप्याच्या घरात जन्म घेतला आणि ज्यांच्या गुरुग्रंथसाहिबातील पदांत गज, कात्री, सुई, दोरा ही रूपके होऊन येतात, त्यांच्या परंपरेत शिवणकामाला अर्थवाही मानायला इतके संकोचण्याचे कारण नव्हते.

आमच्या म्हणण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप मात्र या विद्वानांकडून येत नाही. तो येतो त्या माणसांकडून, ज्यांनी चिंध्या नाइलाजाने अंगावर घेतल्या. ‘आमच्या दारिद्र्याला तुम्ही सौंदर्य म्हणू नका,’ असे ते म्हणतात. हा आक्षेप आम्ही मान खाली घालून ऐकतो, आणि उबेच्या कवितेला आमचा विरोध आहे तो याच कारणाने. दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या तांड्यांवरची आणि गावांतली कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर वाकळाही गाडीवर चढतात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत त्याच जमिनीवर अंथरल्या जातात, त्याच पोरांवर पांघरल्या जातात आणि दार म्हणूनही त्याच लावल्या जातात. त्या थंडीत वाकळ पुरत नाही. तिला मायेची ऊब म्हणणे हे त्या थंडीचे खोटे वर्णन आहे. परंतु टंचाईने काय ठरवले आणि बाईने काय ठरवले, हे वेगळे करता आले पाहिजे. कापड किती आणि कसले, हे टंचाईने ठरवले. ते कसे लावायचे, हे तिने. पहिल्या गोष्टीची चीड आणि दुसरीची कदर एकाच लेखात मावू शकते. न मावली तर दोष लेखकाचा.

वाकळीचे वाचन म्हणजे तिची सरसकट स्तुती, असा आमचा आग्रह नाही. वाकळा वाईटही असतात. काहींत थर नीट बसवलेला नसतो, काहींत तुकडे नुसते खपवलेले असतात, काही एकीची नक्कल करून दुसरीने उरकलेल्या असतात. वाईट वाकळीला वाईट म्हणता येणे, हेच ती कलाविचाराच्या कक्षेत आल्याचे लक्षण ठरेल. ज्या गोष्टीची केवळ भलामण होते, तिला आपण अजून लहान मूल समजत असतो. त्यासाठी शिवणाऱ्या स्त्रियांपाशी असलेली परिभाषा आधी ऐकावी लागेल: त्या कशाला चांगले म्हणतात, कशावर हसतात, कोणाच्या हाताचे उदाहरण देतात. ही समीक्षा तेथे पूर्वीपासून आहे. फक्त तिला आपण गप्पा समजत आलो.

आणि वेळ फार नाही. नऊवारी लुगडे मागे पडले तसा वाकळीचा पायाच बदलला. पॉलिएस्टरची साडी सुईखाली निसटते, घाम टिपत नाही. जगभरचे टाकलेले लोकरी कपडे पिंजून पानिपतला स्वस्त घोंगड्या होतात आणि त्या आठवडी बाजारात येतात; उन्हाळाभर बसून शिवण्यापेक्षा त्या विकत घेणे शहाणपणाचे आहे, आणि तसे करणाऱ्या बाईला परंपरा सोडल्याचा बोल लावण्याचा अधिकार आम्हां कुणालाही नाही. वाकळ टिकवणे हे तिचे कर्तव्य नव्हे. तिने जे केले ते समजून घेणे हे आमचे कर्तव्य होते आणि ते भिजत घोंगड्यासारखे पडून आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. परभणी जिल्हा ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो, तेथील आणि अन्यत्रच्या मराठी विभागांनी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी कादंबरीऐवजी एक वाकळ घेऊ द्यावी. विद्यार्थ्याने ती कोणी शिवली, कोणत्या साली, कोणाच्या कपड्यांची, कोण सोबत बसले, हे लिहावे. थर मोजावेत, ओळींची दिशा काढावी, कुठे बेत बदलला ते दाखवावे, आणि शेवटी ती चांगली की वाईट याचा कारणांसह निर्णय द्यावा. शिवणारीचे नाव, तिची संमती असेल तर, पहिल्या पानावर लेखिका म्हणून घालावे. आणि वाकळ तिच्याच घरी राहू द्यावी. या अभ्यासाला संग्रहालय लागत नाही, अनुदान लागत नाही. पन्नास विद्यार्थ्यांनी पन्नास वाकळा अशा वाचल्या, तर पुढच्या वेळी ‘गोधडीसारखी रचना’ असे लिहिताना समीक्षकाला निदान विचारता येईल: कोणाच्या गोधडीसारखी?