पासवर्ड कोणाकडे आहे?

दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "सर, पोराला कोणता कंप्युटर कोर्स लावू?" मी उलट विचारतो, "त्याच्या ईमेलचा पासवर्ड कोणाकडे आहे?" बहुतेकदा उत्तर येतं, "सायबर कॅफेवाल्याकडे."

माझ्या एका विद्यार्थ्याची आयटीआयची जागा अशीच गेली. अर्जात मोबाइल नंबर दुकानदाराचा होता. जागा मिळाल्याचा मेसेज तिथेच पडून राहिला आणि मुदत संपली. पोरगा दिवसभर रील बघत होता. फोन हातात होता, पण कामाचा नव्हता.

मालेगाव-भिवंडीच्या काही कारखान्यांत साधे लूम जाऊन रेपियर आले, तेव्हा नवं यंत्र शिकलेला मिस्त्री टिकला. आज एआय आलंय, उद्या आणखी काही येईल. कोर्स जुने होतील. वाचून समजून घेणं, नीट लिहिणं आणि पुन्हा शिकायची तयारी जुनी होत नाही. उर्दू-मराठी दोन्ही लिहिता येणं हीसुद्धा कमाईची विद्या आहे, पण आपली मुलं ती लपवतात.

म्हणून नववीतच प्रत्येकाने स्वतःचा ईमेल, स्वतःचं डिजीलॉकर उघडावं. अर्ज स्वतः भरावा, चुका वर्गात कराव्यात. मुलींनीही. "फोनने मुलगी बिघडते" म्हणणाऱ्या भावांनो, तिच्या स्कॉलरशिपचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही कामावर असता, तेव्हा नुकसान कोणाचं होतं?

कोर्स नंतर लावू. आधी चावी मुलांच्या हाती देऊ.